तूर्त आवश्यकता नाही

९ जानेवारी

किटले,

तुझं रागाचं कार्ड पोचलं. "आत्या, मेलला उत्तर नाही, फोनला उत्तर नाही, जिवंत असशील तर कळव." जिवंत आहे. गुडघा सोडला तर बाकीची मी ठणठणीत आहे. फोनचं म्हणशील तर तू बोलतेस झरझर, मला ऐकू येतं निम्मं, उरलेलं मी अंदाजाने भरते आणि मग तू किटलीसारखी शिट्टी मारायला लागतेस. त्यापेक्षा न उचललेला बरा.

मेलचं मात्र खरंच दुखणं झालं आहे. तू पाठवल्या असशील, नाही कोण म्हणतंय? पण शोधायच्या कुठे? सकाळी चहाचा कप घेऊन संगणकापुढे बसावं तर पेटी तुडुंब. कोणी माझे केस वाढवून देतंय, कोणी वजन उतरवून देतंय. कुठल्याशा सरदाराची विधवा मला आपली सगळी इस्टेट द्यायची म्हणते, का तर माझा स्वभाव चांगला असल्याचं तिच्या कानावर आलंय. माझ्या स्वभावाबद्दल तिने आमच्या ऑफिसात चौकशी केलेली दिसत नाही.

आता तू म्हणशील, दुर्लक्ष कर. ते मला जमत नाही बाई. पाणी खात्यात तक्रारींच्या टेबलावर मी हयात काढली. तिथे नियम एकच होता, आलेलं पत्र बिनउत्तराचं राहता कामा नये. नळाला पाणी नाही म्हणणाऱ्याला उत्तर, आणि नळातून शेजारी आपल्याला शिव्या देतो म्हणणाऱ्यालाही उत्तर. तेव्हा या सगळ्यांना मी रोज रीतसर कळवते, "आपले पत्र मिळाले. तूर्त आवश्यकता नाही. कळावे." विधवेला तेवढं दोन ओळी जास्त लिहून धीर दिला.

पण गंमत बघ, मी जितकी नाही म्हणते तितकं त्यांच्या प्रेमाला भरतं येतं. एकाला उत्तर दिलं की दुसऱ्या दिवशी त्याचे भाऊबंद हजर. माझे तर हात दुखायला लागले. तू दिवसभर त्या कंपनीत बसून लोकांच्या मेलमधला कचरा उपसतेस ना? मग घरच्यांचाही जरा उपस.

उत्तर कागदावर पाठव. मेलवर पाठवलंस तर गेलंच म्हणून समज.

तुझी आत्या


१७ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीने विचारलं, काही वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, माझी आत्या स्पॅमला उत्तरं देते. ती इतकी हसली की तिचा डबा पायरीवरून खाली गेला.

अगं, ही माणसं पत्र लिहीत नाहीत! त्यांनी एक यंत्र लावून दिलेलं असतं, ते असंख्य दारांवर एकदम टकटक करत सुटतं. बहुतेक दारांमागे कोणी राहतच नाही. पण ज्या दारातून "कोण आहे?" असा आवाज येतो, त्याच्यावर खूण करतात, आणि त्या खुणा केलेल्या दारांचे पत्ते एकमेकांना विकतात. आणि तू तर दार उघडून, हसून, "आज नको हं" म्हणतेस. तुझ्यासारखं गिऱ्हाईक त्यांना जन्मात मिळालं नसेल.

तर आजपासून उत्तर बंद. एकालाही नाही. विधवेलाही नाही, ती बहुतेक मिशीवाली आहे. खाली "नको असल्यास इथे दाबा" असं लिहिलेलं असतं ना, तेही दाबायचं नाही. ओळखीच्या दुकानाचं असेल तर दाब, ते ऐकतात. अनोळख्याच्या बाबतीत तेही "कोण आहे?" म्हणण्यातच जमा. आतली चित्रं उघडायची नाहीत, चित्र उघडलं की त्यांना तिकडे कळतं.

मी तुला नवीन पत्ता काढून देते आणि हा जुना कायमचा बंद करून टाकू. पण आधी मला एक सांग, तो तू कुठे कुठे दिला आहेस? खरं सांग. मला तुझा स्वभाव माहीत आहे, आणि मी चौकशी करायची गरज नाही.

बाबांचं तू विचारत नाहीस, तरी मी सांगते. दुकान बरं चाललंय. लोक अजून जुनी शिलाई यंत्रं घेऊन येतात आणि बाबा अजून प्रत्येकाला "तेल घालत नाही का हो?" म्हणून झापतात. हल्ली संध्याकाळी दुकान बंद केलं की मागच्या खोलीत दार लावून बसतात. आईला विचारलं तर म्हणाली, मलाच सांगत नाहीत तर तुला काय सांगू.

गुडघ्याला शेक घे.

किटली


२८ जानेवारी

किटले,

माझी झडती घेतेस काय? घे.

पत्ता मी वाचनालयाच्या फळ्यावर लिहिला आहे, कारण जुनी मासिकं कोणाला हवी असली तर कळवायला नको? आमच्या इमारतीच्या वेबसाइटवर "तक्रारींसाठी संपर्क" म्हणून माझंच नाव आहे, पत्ता ठळक अक्षरांत. चपलांच्या दुकानात, चष्म्याच्या दुकानात आणि जिथे जिथे काउंटरवरच्या मुलीने "आजी, मेल आयडी सांगता का?" असं गोड विचारलं तिथे तिथे. मिक्सरच्या बक्षीस योजनेत. मिक्सर लागला नाही. तुझं ते वाचल्यावर मी वाचनालयात जाऊन फळा पुसून आले. ग्रंथपाल विचारत होता, काय झालं? म्हटलं, दारावर खुणा करतायत.

उत्तरं देणं बंद केलं आहे. अवघड जातं. सकाळी हात नुसते शिवशिवतात.

पण पत्ता बंद करायचा नाही. तेवढं सोडून बोल.

का ते सांगते, म्हणजे पुन्हा विचारायला नको. तुझ्या बापाकडे हाच पत्ता आहे. मी हा मेल घेतला तेव्हा त्याला एक कार्ड टाकलं होतं, "यापुढे माझा पत्ता हा", बाकी काही नाही. त्याचं उत्तर आलेलं नाही. पण पत्ता आहे त्याच्याकडे. उद्या त्याला वाटलं आणि त्याने लिहिलं, आणि त्याचं पत्र "असा कोणी नाही" म्हणून परत गेलं तर? तो पुन्हा लिहिणारा नव्हे. मी त्याला ओळखते.

तुला भांडण अर्धंमुर्धंच माहीत आहे. तुझी आजी शिवणकामावर घर चालवायची. तिचे डोळे लवकर गेले, तेव्हा सुईत दोरा ओवायचं काम माझं. शाळेला जायच्या आधी मी सुया ओवून ठेवायचे. तुझा बाप इतका धाकटा की तो यंत्राखाली शिरून पायडल कसं हलतं ते बघत बसायचा, तिथेच झोपायचा. आई गेल्यावर यंत्र त्याच्याकडे गेलं, त्याच्याकडे जागा होती म्हणून. पुढे एकदा मी त्याच्या दुकानात गेले तर ते टेबलावर सुटं करून पसरलेलं. खालच्या दोऱ्याचं शटल काढून कोणा गिऱ्हाइकाच्या यंत्राला बसवलं होतं, म्हणे ते बाजारात मिळत नाही आणि त्या बाईचं काम अडलं होतं. मी भर दुकानात म्हटलं, "आईला सुटं करून विकायला काढलंस का?" तो म्हणाला, "ताई, बंद पडलेलं यंत्र म्हणजे नुसतं लोखंड." मी निघून आले. त्याने हाक मारली नाही. मी मागे वळले नाही.

बस, एवढंच. इतकी वर्षं झाली. मला तो फार आठवतो गं. रोज सकाळी ती पेटी उघडते ती काही विधवेसाठी उघडत नाही.

तुझी आत्या


६ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि मी तुझ्यावर काय काय शिट्ट्या मारल्या ते आठवून मला कसंसंच झालं. पत्ता बंद करत नाही. शब्द दिला.

असं करू. तुझ्यासाठी नवा पत्ता काढला आहे, तो सोबतच्या बंद पाकिटात आहे. हा फक्त माणसांसाठी. मी, तुझी ती तळमजल्यावरची मैत्रीण, डॉक्टर, आणि ज्याला तू घरात बसवून चहा देशील असं कोणीही. ज्याला दारातूनच वाटेला लावशील, त्याला हा द्यायचा नाही. फळ्यावर नाही, वेबसाइटवर नाही, काउंटरवरच्या मुलीला तर मुळीच नाही, ती कितीही गोड असली तरी. दुकानांना जुनाच दे. इमारतीच्या तक्रारींसाठी मी एक वेगळा पत्ता करून दिला आहे, तो उद्या बिघडला तर फेकून देता येईल. आणि जुनी पेटी आहे तशी उघडी राहील, आठवड्यातून एकदा जाऊन नुसतं बघायचं. बघायचं, आत्या. लिहायचं नाही.

मी शनिवारी घरी जाऊन आले. तुझं कार्ड बाबांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे, बॉबिनच्या डब्यांच्या वर, टाचणीने टोचलेलं. कोपऱ्याला तेलाचं बोट लागलंय. मी लहानपणापासून ते तिथे बघतेय, पण कधी जवळ जाऊन वाचलं नव्हतं, त्यामुळे तुझंच आहे हे लक्षातच आलं नव्हतं.

मी फार काही बोलले नाही. बाबा एका यंत्राचा पट्टा चढवत होते, तेव्हा सहज म्हटलं, "आत्याच्या मेलमध्ये कचरा भरलाय, पण ती पत्ता बदलू देत नाही. कोणाच्या तरी पत्राची वाट बघतेय म्हणते." त्यांनी मान वर केली नाही. पट्टा चढला, तरी बराच वेळ ते चाक हाताने फिरवत राहिले.

मी मध्ये पडले असं वाटलं तर रागव.

किटली


२० फेब्रुवारी

किटले,

रागावले नाही. तेलाचं बोट लागलंय हे वाचून मी ते पत्र घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलं आहे.

नवी पेटी उघडली. कसली शांतता बाई! तुझी एक मेल आणि डॉक्टरची एक. सुरुवातीला मला वाटलं बिघडलीच. बदली होऊन नव्या खात्यात जावं आणि तिथे कोणी ओळखीचं नसावं तसं झालं. आता बरं वाटतं. आलेली मेल खरोखर मलाच आलेली असते, हे सुख मी विसरलेच होते.

एक गोष्ट सांगायची आहे, पण आधी किटली विस्तवावरून उतरव. आमच्यात रीत होती की टेबल सोडताना प्रलंबित पत्र मागे ठेवायचं नाही. पुढच्या माणसाच्या डोक्यावर आपला ढीग टाकून जाणं म्हणजे अगदी हलकं काम. मी जुनी पेटी तशीच सोडून यायची म्हणजे मला झोप लागेना. म्हणून परवा एकदाच बसले आणि साचलेल्या सगळ्यांना शेवटचं उत्तर देऊन मोकळी झाले. वाचत नाही बसले, नुसता वरवर डोळा फिरवायचा आणि तेच वाक्य चिकटवायचं. शेवटचं हं! यापुढे नाही, माझ्या गुडघ्याची शपथ.

काय काय नमुने होते. छपराचे पत्रे, दात पांढरे करायची पावडर, माझं खातं नसलेल्या बँकेतलं माझं खातं गोठलंय म्हणून कळवणारा एक गृहस्थ. एक तर जुनं शिलाई यंत्र विकायला निघालेला. नाव नाही, गाव नाही, पत्ता म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. ते वाचून मात्र मी थबकले. या मेल्यांना माणसाच्या नेमक्या दुखऱ्या जागा कशा कळतात? मग रागानेच त्याला उत्तर चिकटवलं आणि पुढे गेले.

असो. टेबल स्वच्छ आहे. तुझ्या बापाचं काही आलेलं नाही.

तुझी आत्या


५ मार्च, गुरुवार

आत्या,

हे मेलवर लिहितेय, नव्या पत्त्यावर. कागदाची वाट बघायला वेळ नाही. बसून वाच.

तुझं वीस तारखेचं पत्र इथे वेळेवर पोचलं होतं. वाचून तुझ्या त्या "शेवटच्या" उत्तरांवर चिडले, हसले आणि विसरले. काल रजा घेऊन घरी आले. बाबा गप्प. म्हणजे ते कधी बडबडे नव्हतेच, पण यंत्रांनाही झापेनासे झालेत. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत आजीचं यंत्र उभं आहे, आत्या. पूर्ण. पायडलपासून चाकापर्यंत. आईलाही आत्ताच कळलंय, वर्षभर ते हेच करत होते. ते शटल ज्या बाईच्या यंत्राला बसवलं होतं तिला शोधून काढलं, तिला नवं यंत्र जोडून दिलं आणि आजीचं शटल परत आणलं. वरची सोनेरी वेलबुट्टी घासली गेली होती, ती तशीच ठेवली आहे. म्हणाले, रंगवलं तर आईचं राहणार नाही.

मी म्हटलं, बाबा, आत्याला दाखवू या. तर म्हणाले, "रविवारी एक शिंपी येतोय, त्याला देऊन टाकतोय. तिला नको आहे."

"कोण म्हणालं?"

"लेखी उत्तर आलंय."

आणि त्यांनी मला फोन दाखवला. आईने त्यांना धंद्यासाठी मेल उघडून दिला आहे, तो पत्ता म्हणजे दुकानाची आद्याक्षरं आणि नोंदणीचा आकडा. तिथून त्यांनी फेब्रुवारीत, भिंतीवरचं कार्ड बघून बघून, आयुष्यातली पहिली मेल लिहिली. इथे तशीच उतरवते.

"जुने शिलाई यंत्र. सर्व मूळ भाग. पूर्ण दुरुस्त, चालू स्थितीत. पाहिजे असल्यास कळवावे."

खाली तुझं उत्तर. "आपले पत्र मिळाले. तूर्त आवश्यकता नाही. कळावे."

बाबांना आयुष्यात दुकानाच्या चिठ्ठ्यांपलीकडे काही लिहायची वेळच आली नाही गं. त्यांना एवढंच येतं. मी त्यांना सांगितलं, ती ते सगळ्यांना पाठवते, तिने वाचलंसुद्धा नसेल, तुमचं नावच नव्हतं खाली. तर म्हणाले, "यंत्र म्हटल्यावर नाव कशाला लागतं? आणि सगळ्यांना पाठवते तर ठीकच आहे. मी त्या सगळ्यांतलाच."

माझं ते ऐकत नाहीत. तूच काहीतरी कर. रविवारच्या आत.

किटली


५ मार्च, संध्याकाळ

किटले,

जुन्या पेटीत जाऊन बघितलं. आहे. दात पांढरे करायच्या पावडरीच्या खाली आहे. सर्व मूळ भाग.

मी ते दोनदा वाचलं गं, आणि थबकले होते. थबकले होते आणि तरी पुढे गेले. मला स्वतःचं तोंड बघवत नाही.

त्याला लिहायला बसले आहे. जन्मभर लोकांना पत्रं लिहिली, आणि या एका माणसाला लिहायचं तर हात चालत नाही. सुरुवात "संदर्भ: आपले पत्र" अशी झाली, ती खोडली. आता पाठवलं आहे. जुन्याच पत्त्यावरून पाठवलं, म्हणजे त्याला कळेल मीच आहे. तुलाही नक्कल देते, कुठे चुकलं असेल तर सांग. पण आता चुकून काय उपयोग, गेलं ते.

"धाकट्या,

ते उत्तर तुला नव्हतं. मला रोज शेकडो खोटी पत्रं येतात आणि मी वेडी त्यांना उत्तरं देते. त्या ढिगात तुझं खरं पत्र आलं आणि मी ओळखलं नाही. ज्या पत्राची वाट बघत ती पेटी उघडी ठेवली, तेच पत्र मी बाहेर घालवलं.

यंत्र हवं आहे. पण ते नसतं तरी चाललं असतं. तुझी दोन अक्षरं आली असती की 'ताई, कशी आहेस', तरी मी गुडघ्यावर रांगत आले असते. त्या दिवशी दुकानात बोलले ते लागेल असंच बोलले होते. तू हाक मारशील म्हणून कोपऱ्यापर्यंत हळूहळू चालले होते.

शिंप्याला देऊ नकोस. ते लोखंड नाही.

ताई"

तुझी आत्या


७ मार्च

किटले,

शनिवार दुपार झाली. काही नाही. दोन्ही पेट्या बघून झाल्या, आता तर मी स्पॅमसुद्धा उघडून वाचते आहे. फोन लावला तर दुकानात कोणी उचलत नाही, आणि उचलला असता तरी मला काय ऐकू येणार होतं. उद्या रविवार.

त्याने वाचलं असेल आणि तरी उत्तर दिलं नसेल, तर तो त्याचा हक्क आहे. मी पण दिलंच होतं की उत्तर.

एवढं विचार त्याला. वाचलं का, एवढंच.

आत्या


७ मार्च, संध्याकाळ

आत्या, ऐक, ऐक!

वाचलंच नव्हतं! त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तुझी मेल बघून मी इथून तशीच दुकानात धावले, बाबांचा फोन हातातून ओढून घेतला आणि कचऱ्याच्या फोल्डरमध्ये गेले. होतं तिथे. तू त्या दिवशी एका बैठकीत एवढी उत्तरं पाठवलीस ना, तेव्हापासून मेलच्या यंत्रणेने तुलाच स्पॅम पाठवणारी ठरवून टाकलंय. तुझ्या जुन्या पत्त्यावरून काहीही आलं की ते सरळ अडगळीत. माझी आत्या, आणि काळ्या यादीत! ऑफिसमध्ये सांगायची सोय नाही.

मी ते बाहेर काढलं, "हा स्पॅम नाही" असं दाबलं आणि फोन बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले, कारण आत बसवेना.

बऱ्याच वेळाने आतून विचारलं, "तिचा तो नवीन पत्ता काय? माणसांसाठीचा?"

मी म्हटलं, तो ती फक्त घरात बसवून चहा देईल अशांनाच देते. तर म्हणाले, "मग दे ना."

दिला आहे. एका बोटाने टाइप करतायत. वेळ लागेल, पेटीजवळ बस.

किटली


७ मार्च

ताई,

आपले पत्र मिळाले. आवश्यकता आहे.

शिंप्याला 'नाही' असे कळवले. वाक्य तुझेच वापरले, चांगले आहे.

यंत्र चालू आहे. आवाज आईच्या वेळचाच येतो. सुईत दोरा मात्र अजून घातलेला नाही. ते काम तुझे होते.

ये.

धाकटा